धंद्याची शिकवण

मनुष्य काम कशासाठीं करतो, या प्रश्नाला ‘पोटासाठीं’ हें उत्तर तयारच असतें. तें खोटें नाहीं. पण अपुरें आहे, हें रेवसच्या कोळ्यांनीं दाखवून दिलें.

१७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ खवळलेल्या समुद्रांत उलटली. ६०० हून अधिक माणसें बुडालीं. त्याच सुमारास रेवसचे कोळी होड्यांतून मासळी घेऊन मुंबईकडे चालले होते. माणसांना जागा करण्यासाठीं त्यांनीं ती मासळी समुद्रांत लोटली आणि अनेकांना वर ओढून घेतलें.

नफातोट्याचा हिशेब करण्यास तेथें अवसर कोठला? आज दुसऱ्याला हात देणाऱ्यावर उद्यां स्वतः हात मागण्याची पाळी येते, हें दर्यावर्दी माणूस लहानपणापासून पाहत असतो. त्यामुळें निर्णय जणुं आधींच झालेला असतो.

कारकुनाला पगार व विद्यार्थ्याला गुण हवेच. परंतु तेवढ्यावरच दृष्टि ठेवून केलेलें काम कसोटीच्या क्षणीं वाट दाखवीत नाहीं. मुलाला कोणत्या धंद्यास लावावें हें ठरवितांना त्यांत मिळकत किती, याबरोबरच तो धंदा माणसाला काय शिकवितो, हेंहि घरोघरीं विचारलें जावें.