स्वच्छ पाणी आणि गळाचा सूचक

गळाने मासे पकडण्याची विद्या आपल्या देशात फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. राजाचा तो विनोद असो किंवा रायपूरच्या तलावाकाठी गळ टाकून बसलेल्या माणसाचा उद्योग असो, प्रश्न एकच असतो. पाण्याखाली माशाने आमिषाला तोंड लावले, हे काठावरच्या माणसाला कळावे कसे?

दोऱ्याला बांधलेली तरंगती काडी हे त्याचे सर्वपरिचित उत्तर होय. तलावाच्या हिरवट, गढूळ पाण्यात ती जाड आणि भडक असली तरी बिघडत नाही. पण सिहावाच्या डोंगरात उगम पावणारी महानदी पावसाळा सरल्यावर निवळते आणि उथळ धारेतून तळाची वाळू दिसू लागते. अशा पाण्यात पिसांची बनावट माशी गळाला बांधून खेळायचे, तर तोच सूचक माशाला सावध करतो.

असे का व्हावे? पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे सारे जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूत एकवटलेले दिसते. मासा एक मीटर खोलीवर असेल, तर पृष्ठभागावरील या गवाक्षाचा व्यास सव्वादोन मीटरांच्या आसपास भरतो. त्यापलीकडचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा भासतो व त्यात तळाचे प्रतिबिंब पडते. सूचकाचा बुडालेला भाग या आरशाला छेद देतो आणि म्हणून दुरूनच नजरेस येतो. गवाक्षात आलेला सूचक आकाशाच्या उजेडापुढे काळ्या आकृतीसारखा दिसतो. तो मुळात तांबडा होता की पिवळा, याने फारसा फरक पडत नाही. तात्पर्य, वरचा रंग माणसाच्या डोळ्यांसाठी निवडावा आणि बुडणारा आकार माशाच्या दृष्टीने.

या कसोटीवर मोराच्या झडलेल्या पिसाचा देठ उत्तम उतरतो. तो हलका असतो, कमी बुडतो आणि त्याचे टोक तेवढे रंगवता येते. तुपकट लावलेल्या लोकरीचा लहानसा झुबका त्याहून अलगद पाण्यावर उतरतो. खळबळ होत नाही. उथळ जागी वर एक तरंगती माशी व तिच्याखाली दुसरी बुडती माशी बांधली, तर वरचीच सूचकाचे काम करते आणि माशाला ती खाद्यच वाटते. त्याहूनही सौम्य उपाय म्हणजे सूचक मुळीच न लावता रंगीत तंगुसाचा एक तुकडा दोऱ्यात जोडणे आणि त्याच्या हालचालीवर नजर ठेवणे. वाहत्या पाण्यात सूचक माशीपासून खोलीच्या साधारण दीडपट अंतरावर बांधतात. पाणी जितके नितळ, तितके हे अंतर थोडे वाढवणे हिताचे.

मात्र सौम्यपणालाही मर्यादा आहे. सूचक इतका बारीक असता कामा नये की संध्याकाळच्या चकाकीत तो दिसेनासाच व्हावा. ओढ उशिरा कळली, तर अनेकदा मासा माशी थुंकून निघून जातो. एवढाच तोटा असता तर तो सोसता आला असता. पण कधी गळ घशापर्यंत उतरतो, आणि मग पुन्हा पाण्यात सोडलेला मासाही बहुधा जगत नाही. महसीरसारखा मासा पकडून सोडून देण्यातच ज्याला आनंद आहे, त्याने याचा विचार आधी केला पाहिजे.

म्हणून सूचक निवडताना माशापासून लपणे आणि माणसाला दिसणे या दोन्ही गोष्टींचा मेळ घालावा लागतो. बुडत्या माशीचे वजन तोलून धरील आणि डोळ्यांना न ताणता दिसेल, असा सर्वांत लहान सूचक हाच योग्य सूचक होय. तो दुकानात ठरत नाही. त्या दिवशीचे पाणी, ऊन आणि धार पाहून तो नदीकाठीच ठरवावा लागतो.