भुंकणे हेच ज्यांचे काम

भुंकणारा कुत्रा चावत नाही, असे आपल्याकडे काहीसे हिणवून म्हटले जाते. उत्तर युरोपच्या अरण्यांत मात्र हेच वाक्य शिकारी कुत्र्याचे प्रशस्तिपत्र ठरते. १९५७ साली अवकाशात गेलेल्या 'लायका'चे नाव सर्वांना ठाऊक आहे. ती मॉस्कोच्या रस्त्यावरील बेवारशी कुत्री. पण रशियातील शिकारी कुत्र्यांच्या एका गटालाही हेच नाव आहे, आणि त्या शब्दाचा अर्थच मुळी 'भुंकणारा' असा आहे.

मुधोळचा शिकारी कुत्रा उघड्या माळावर सावज नजरेने हेरतो व वेगाने गाठतो. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड येथील दाट सूचिपर्णी अरण्यात नजर दूरवर पोचत नाही. तेथे कुत्र्याने नाकाने शोधावे आणि शिकाऱ्याने कानाने जाणावे, अशी कामाची वाटणी झाली आहे.

नॉर्वेचा राखी एल्कहाउंड पाहा. त्याचे सावज 'एल्ग' हे सांबराहूनही मोठे हरीण. त्याचा पूर्ण वाढलेला नर ४०० किलोंच्याही वर भरतो. कुत्रा असतो सुमारे २३ किलोंचा. तो झेप घेत नाही. एल्गसमोर मागेपुढे होत तो सारखा भुंकत राहतो. फार जवळ गेला तर लाथेने प्राण जाईल किंवा सावज उधळेल. फार दूर राहिला तर ते निघून जाईल. हे अंतर त्याला एकट्याने, धनी येईपर्यंत सांभाळावे लागते. हाच कुत्रा दोरीला बांधून माग काढताना मात्र मुका राहतो. केव्हा बोलावे आणि केव्हा गप्प बसावे, हे तो जाणतो.

फिनलंडचा तांबूस स्पिट्झ रानकोंबड्याच्या कुळातील मोठ्या पक्ष्याला झाडावर बसवितो आणि खाली उभा राहून भुंकतो. पक्ष्याचे लक्ष कुत्र्याकडे लागते. तेवढ्यात शिकारी जवळ येतो. १९७९ पासून हा फिनलंडचा राष्ट्रीय कुत्रा आहे, आणि त्याच्या भुंकण्याच्या स्पर्धाही भरतात.

काळापांढरा कारेलियन कुत्रा अस्वलासमोरही हटत नाही. १९३९ ते १९४४ च्या युद्धांत फिनलंडने कारेलियाचा मोठा भाग गमावला, सुमारे चार लक्ष माणसे देशोधडीला लागली, आणि ही जातही नामशेष होण्याच्या बेतास आली. वाचलेल्या थोड्या कुत्र्यांपासून ती पुन्हा उभी राहिली. पुढे अमेरिकेत वस्तीजवळ येणाऱ्या अस्वलांना न मारता भुंकून रानात परतविण्यासाठी हे कुत्रे योजले गेले. बंदुकीचा सोबती अशा रीतीने अस्वलाचा जीवरक्षक झाला.

स्वतंत्र निर्णय घेण्याची सवय असल्यामुळे हे कुत्रे हट्टी वाटतात. मारहाणीने ते बिघडतात. धीराने शिकविल्यास जन्मभर इमान राखतात. त्यांचे देखणे रूप पाहून त्यांना शहरात साखळीला बांधणारे लोकही आहेत. तेथे अरण्यातील गुण हा शेजाऱ्यांच्या तक्रारीचा विषय होतो. यात दोष कुत्र्याचा नव्हे. ज्याला पिढ्यान् पिढ्या एक काम शिकविले, त्याचे ते काम काढून घेऊन केवळ रूप जपणे, हे जात जपणे नव्हे.