दूरचा कारकून ठेवावा काय ?



हल्लीं 'व्हर्च्युअल असिस्टंट' हें नांव धंदेवाईक मंडळींच्या तोंडीं वारंवार ऐकूं येतें. कचेरींत न येतां, स्वतःच्या घरीं बसून, इंटरनेटच्या द्वारें दुसऱ्याचा पत्रव्यवहार, मागण्यांची नोंद व बिलें पाहणारा हा कारकून. त्याला कोणी 'आभासी' म्हणतात. मला तें रुचत नाहीं. माणूस खराखुरा असतो. त्याच्याकडेही वीज जाते, त्याचींही मुलें आजारी पडतात. मी त्याला दूरचा कारकून म्हणेन.

माझी एक जुनी विद्यार्थिनी डोंबिवलीहून परदेशस्थ मराठी कुटुंबांना दिवाळीचा फराळ पाठविते. अमेरिकेंत दिवस तेव्हां आपल्याकडे रात्र. त्यामुळें भाजणीचे हात धुऊन ती मध्यरात्रीपर्यंत निरोपांना उत्तरें देत बसे. असा कारकून ठेवावा काय, हें विचारावयास ती आली. मीं तिला पंधरा दिवस वेळेची वही लिहावयास सांगितली. शाळामास्तराला दुसरें काय सुचणार ! वहींतून निघालें तें असें : दररोजचे २ तास एकाच जातीच्या प्रश्नांत जात. चकलीचा भाव काय, पार्सल कोठवर आलें, डब्यांत लाडू किती. हें काम नियम लिहून देऊन दुसऱ्यास सोपवितां येण्याजोगें. फुटलेल्या करंज्यांच्या तक्रारी मात्र तशा नव्हेत. जिच्या हातची करंजी तिनेंच तेथें बोलावें.

मग हिशेब. तासास २०० रुपये मागणारा कारकून २ तासांचे ४०० घेणार. तिचे २ तास वाचले, तरी त्याचें काम तपासण्यांत अर्धा तास जाणारच. उरला दीड तास. तासाला ३ किलो चकली, किलोमागें १०० रुपये नफा, म्हणजे ४५०. शिल्लक अवघे ५० रुपये ! आणि तेंही भाद्रपद-आश्विनांत, जेव्हां मागणी परत पाठवावी लागते. फाल्गुनांत वाचलेल्या वेळाला गिऱ्हाईक नसतें. तेव्हां ४०० रुपये निव्वळ खर्च. पुष्कळ लोक वाचलेल्या तासाचें पुढें काय करणार, हें न विचारतांच वर्षाचा करार करून मोकळे होतात. झोपेचा भाव मास्तरानें ठरवावयाचा नसतो. तो तिनें ठरविला. कारकून दोन महिन्यांपुरता ठेवावा, व त्याला शिकविण्यास निवांत आषाढ घ्यावा, असें ठरलें.

आतां विश्वासाची बाब. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणें, दिलेल्या अधिकाराच्या मर्यादेंत मुखत्यारानें केलेला व्यवहार धन्यावर बंधनकारक असतो. म्हणजे तिच्या वतीनें त्यानें कबूल केलेला भाव तिला पाळावा लागेल. सबब काय कबूल करावयाचें नाहीं, तें आधींच लेखी हवें. गिऱ्हाइकांचे पत्ते त्याच्या हातीं जाणार. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानें, काम दुसऱ्यास दिलें तरी, जबाबदारी मूळ धंदेवाल्यावरच ठेविली आहे. व्हॉट्सॲप दुसऱ्या यंत्रास जोडून दिलें कीं घरचीं बोलणींही तेथें दिसूं लागतात. म्हणून धंद्याचा क्रमांक निराळा घ्यावा. बँकेचा ओटीपी तर सख्ख्या भावासही सांगूं नये.

तिनें तिघांकडून एकेक दिवसाचें नमुन्याचें काम पैसे देऊन करून घेतलें. सांगलीकडील एका मुलीनें उत्तरें जरा सावकाश दिलीं; पण जेथें कळलें नाहीं तेथें "विचारून सांगतें" असें लिहिलें. तीच नेमली गेली. पगार दर शनिवारीं द्यावयाचा आहे.