मनाचे वैद्य आणि आपली ज्ञाती

(ज्ञातिमंडळाच्या नाशिक येथील वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांस चार शब्द सांगावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. आम्ही मॅट्रिक होऊन शिक्षकी केलेले सामान्य गृहस्थ. डॉक्टरेटच्या अभ्यासाविषयी बोलण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु यंदा शिक्षणनिधीकडे एका मुलीचा अर्ज चिकित्सा-मानसशास्त्रासाठी, म्हणजे ज्यास क्लिनिकल सायकॉलॉजी म्हणतात त्या विषयासाठी आला आहे. "वेड्यांच्या इस्पितळातले हे शिक्षण मुलीला हवे कशाला?" असे काही वडीलधाऱ्यांनी विचारल्याचे कानी आले. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही वाचून व जाणत्यांस विचारून शोधले. ते आपणांपुढे ठेवतो.

या विद्येच्या उगमाशी एक शाळामास्तरीण उभी आहे, याचा आम्हांस विशेष संतोष वाटला. १८९६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे मार्गारेट मॅग्वायर या शिक्षिकेने, शब्दलेखनात सदैव चुकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाची अडचण प्राध्यापक लाइटनर विटमर यांच्यापुढे मांडली. विटमर यांस मुलाच्या दृष्टीत दोष आढळला. चष्मा आणि शिकवणी यांनी उपाय सुरू झाला. त्याच वर्षी त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मानसशास्त्रीय चिकित्सालय काढले. ज्या मुलास आपण मठ्ठ म्हणून बाकावर उभे करतो, त्याची खरी अडचण शोधणे, हे या शास्त्राचे पहिले कार्य होय.

आपल्या देशातही ही विद्या नवी नाही. कलकत्ता विद्यापीठाने १९२१ साली गिरींद्रशेखर बोस यांस मानसशास्त्रातील डॉक्टरेट दिली. १९५४ साली बंगलोरास अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली व लगेच तेथे या विषयाचे शिक्षण सुरू झाले. तीच संस्था १९७४ पासून निम्हान्स म्हणून विख्यात आहे.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीची पदवी घेतलेला डॉक्टर असतो. तो औषधे देतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. तो चाचण्यांनी बुद्धी, स्मृती व स्वभाव यांची पारख करतो आणि शास्त्रोक्त संवादाने रोग्यास सावरतो. दोघे एकमेकांच्या जोडीने काम करतात.

आता वाट किती लांब ते सांगतो. बारावीनंतर साधारणतः तीन वर्षे बी. ए., दोन वर्षे एम. ए., आणि नंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम. फिल. यात विद्यार्थ्यास ज्येष्ठांच्या देखरेखीखाली रुग्णांत बसून काम करावे लागते. पुढे पीएच. डी. करावयाची तर किमान तीन व कमाल सहा वर्षे. अशी दहा वर्षे सहज जातात.

पालकांनी येथेच सावध असावे. नुसत्या पीएच. डी.ने रुग्ण तपासण्याचा परवाना मिळत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले शिक्षण व तिच्या नोंदवहीत नाव लागते. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी एम. फिल. पदवी बंद केली. या विषयापुरती ती २०२५-२६ च्या सत्रापर्यंत चालू ठेवण्यात आली. म्हणून फी भरण्यापूर्वी तो अभ्यासक्रम त्या वर्षी परिषदेस मान्य आहे की नाही, हे लेखी पाहावे. नावात डॉक्टर लागते म्हणून पैसे भरू नयेत.

आता मूळ प्रश्न. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत बारा राज्यांतील दर शंभर प्रौढांमागे दहांहून अधिकांस मनोविकार आढळला, आणि त्यांतील बहुतेकांस उपचार मिळत नव्हते. आपली ज्ञाती याला अपवाद असेल, असे मानण्यास आधार नाही. ज्वर आला तर आपण डॉक्टरकडे धावतो. मुलगा महिनोन्‌महिने खोलीबाहेर आला नाही, तर प्रथम अंगारा लावतो, आणि मग "दोनाचे चार हात झाले की येईल ताळ्यावर" म्हणून वधू शोधू लागतो. वधूवर-सूचीत उंची, वर्ण, पगार सर्व लिहिले जाते. एवढी एक गोष्ट दडविली जाते, आणि तिची किंमत परक्या घरची लेक भरते. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला. परंतु हक्क मागण्यास प्रथम घराचे दार उघडावे लागते. चौकशीपुरते तरी १४४१६ हा सरकारी टेलिमानस दूरध्वनी क्रमांक सर्वांनी टिपून ठेवावा.

आपल्या नाशकात १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. साऱ्या राज्याच्या वैद्यकीय शिक्षणाचा कारभार ज्या गावातून चालतो, त्या गावच्या ज्ञातीने मनाच्या वैद्यकास हिणवावे, हे शोभत नाही.

कार्यकारी मंडळास आमच्या दोन विनंत्या आहेत. या मुलीचा अर्ज मंजूर व्हावा. आणि कर्जफेड एम. ए. होताच सुरू न करता, तिची परिषदेत नोंदणी झाल्यावर सुरू व्हावी. अन्यथा अर्ध्या वाटेवर नोकरी धरण्यावाचून तिला गत्यंतर राहणार नाही.

कन्येस एवढेच सांगतो : बाई, उद्या तुझ्याकडे येणारा माणूस आपल्याच ज्ञातीतला असेल, तर त्याचे गुपित तुझ्या आईच्याही कानी जाता कामा नये. ते एवढे सांभाळलेस, तर लोक आपण होऊन येतील.