कचऱ्याचा डोंगर आणि आपण

(कार्यकर्त्या महिलांच्या शिबिरातील भाषण)



रेशन, पाणी, मारहाण, वारसाहक्क यांवर आपण नेहमी बोलतो. आज मी कचऱ्यावर बोलणार म्हटल्यावर एकीने विचारलं, "हा बायकांचा प्रश्न कसा?" म्हणून आधी एक अनुभव सांगते.

काही वर्षांपूर्वी गोवंडीला, देवनार डम्पिंगला लागून असलेल्या वस्तीत आमची बैठक होती. कचरा वेचणाऱ्या एका बाईच्या बोटांवर काचेचे, सुयांचे वण होते. मी विचारलं, "सगळ्यात जास्त त्रास कशाचा?" ती हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही पाळीच्या पट्ट्या पिशवीत बांधून टाकता. पिशवी सोडल्याशिवाय आत काय आहे ते आम्हाला कसं कळणार?" मी गप्प झाले. माझीही पिशवी कुणीतरी सोडलीच असेल.

देवनारला मुंबईचा कचरा १९२७ पासून पडू लागला. ओला कचरा ढिगाखाली दबला, हवा मिळाली नाही, की कुजताना मिथेन वायू तयार होतो. तो पेट घेतो. २०१६ च्या जानेवारीत तिथे लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती. धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मार्चमध्ये पुन्हा आग लागली. प्लास्टिक जळालं की डायॉक्सिनसारखी विषं हवेत जातात, बारीक कण छातीत बसतात. दम लागलेल्या पोराला कडेवर घेऊन दवाखान्याच्या रांगेत कोण उभं राहतं? आईच. रोज कुणाचा बुडतो? तिचाच. पावसाळ्यात ढिगातून झिरपणारं काळं पाणी जमिनीत आणि खाडीत उतरतं, ते वेगळंच.

आगीनंतर पहारा वाढला. वेचणाऱ्या बायांना आत जायला मनाई झाली. धूर त्यांच्या वाट्याला आला, आणि पोटावर पायही त्यांच्याच आला.

आता उपाय काय सांगतात? "गृहिणींनो, ओला-सुका वेगळा करा." करायलाच हवा. ओला कचरा ढिगावर गेलाच नाही, तर वायू आणि काळं पाणी दोन्ही कमी होतील. पण कचरा सगळ्या घराचा, मग निवडायचा एकट्या बाईने का? नवऱ्याने, मुलग्यांनीही हात लावावा.

दुसरं, वेचणारीचं काम हे काम म्हणून मानायला हवं. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. २००८ मध्ये तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. उकिरड्यात हात घालणाऱ्या बाया दारोदार जाऊन कचरा गोळा करू लागल्या आणि त्या कामाचे पैसे मागू लागल्या.

तेव्हा घरी गेल्यावर एवढं करूया. पाळीच्या पट्ट्या कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळ्या द्यायच्या. काच, सुया वेगळ्या. आणि पुढच्या बैठकीला आपल्या भागातल्या वेचणाऱ्या बाईला बोलवायचं. तिच्याविषयी मी बरंच बोलले. आता तिने बोलावं, आपण ऐकावं.