दोन कायदे, एक नागरिक



साहित्याच्या व्यासपीठावर कायद्याचा विषय कोणाला रुक्ष वाटेल. पण पोलोग्राउंडवरच्या वीज कंपनीच्या कचेरीकडून घरी येणारे बिल दोन कायद्यांच्या आधाराने येते. एक भोपाळच्या विधानसभेचा, दुसरा दिल्लीच्या संसदेचा. दोघांचे पटले नाही तर ऐकायचे कोणाचे? ‘दिल्लीचे,’ असे उत्तर आपण चटकन देतो. ते अर्धेच खरे आहे.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत विषयांच्या तीन याद्या आहेत : केंद्राची, राज्याची आणि समवर्ती, म्हणजे दोघांची सामाईक. वीज हा समवर्ती सूचीतला ३८ वा विषय. अशा विषयावर दोन कायदे विसंगत ठरले, तर अनुच्छेद २५४ प्रमाणे संसदेचा कायदा चालतो आणि राज्याचा कायदा विसंगतीपुरता रद्द ठरतो. ‘विसंगतीपुरता’ हा शब्द विसरू नये. मध्य प्रदेशाचा विद्युत सुधार अधिनियम २००० सालचा. संसदेचा विद्युत कायदा २००३ चा. संसदेने राज्याचा कायदा पुसून टाकला नाही. कलम १८५ आणि त्यासोबतच्या परिशिष्टाने त्याचे नाव घेऊन, विसंगत नसलेल्या तरतुदी चालू ठेवल्या.

हा वाद केवळ कागदावरचा नसतो. १९५१ साली, सुरत जिल्हा मुंबई राज्यात असताना, परवान्याशिवाय ज्वारी नेल्याबद्दल एकावर खटला झाला. मुंबईच्या १९४७ च्या कायद्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा होती, आणि गव्हर्नर जनरलच्या संमतीमुळे तो कायदा केंद्राच्या कायद्याला भारी होता. गंमत अशी, की आरोपीनेच या कडक कायद्याचा आधार घेतला; कारण सात वर्षांच्या शिक्षेचा खटला त्या दंडाधिकाऱ्याला चालवताच येत नव्हता! पण १९५० मध्ये संसदेने त्याच गुन्ह्यांच्या शिक्षा नव्याने ठरवल्या होत्या. त्यामुळे राज्याची तरतूद संपली, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये दिला आणि अपील फेटाळले. आजही राष्ट्रपतींची संमती मिळाली, तर समवर्ती विषयावर राज्याचा कायदा त्या राज्यापुरता वरचढ ठरतो. मात्र संसद तो पुढे बदलू शकते.

पण कित्येकदा भांडण इथवर येतच नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेचा खटला घ्या. सहकारी संस्था हा राज्याचा विषय, बँकिंग केंद्राचा. मग थकबाकीदाराची तारण मालमत्ता संसदेच्या २००२ च्या सरफेसी कायद्याने, कोर्टाची पायरी न चढता, सहकारी बँक ताब्यात घेऊ शकते का? कर्जदाराच्या डोक्यावरचे छप्परच पणाला लागलेले. २०२० मध्ये पाच न्यायमूर्तींनी ‘होय’ म्हटले : संस्थेची स्थापना, व्यवस्थापन आणि समाप्ती राज्याकडे, बँकेचा व्यवसाय, आणि वसुली हा त्याचाच भाग, केंद्राकडे. इथे थोरला कोण, हे पाहावे लागले नाही. कायद्याचा गाभा कोणत्या विषयाचा, एवढेच पाहिले गेले.

म्हणून प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा. आधी विचारावे, विषय कोणाचा? मग, दोन्ही कायदे एकाच वेळी पाळणे खरोखर अशक्य आहे का? आणि शेवटी, कोणाचा शब्द अखेरचा? पहिले दोन प्रश्न गाळले, तर राज्य म्हणजे दिल्लीची एक शाखा कचेरी उरेल. तिसरा गाळला, तर देशाचा एक कायदा असा राहणारच नाही.

आपल्या घराण्यांनी याच इंदूरात होळकरांचे राज्य, १९४८ चा मध्य भारत आणि १९५६ चा मध्य प्रदेश पाहिला. घरे जागच्या जागी राहिली, कायदे करणारे बदलत गेले. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असे आपण म्हणतो. संविधानाने त्या ठेवल्या आहेत. कोणती केव्हा उपसायची, याचा क्रम नागरिकाला ठाऊक असेल, तरच त्या त्याच्या रक्षणाच्या.