सकाळची शाळा आणि मुलांची झोप
सकाळी मूल उठता उठत नाही, दुधाचा पेला तसाच राहतो, खाली रिक्षावाले काका हॉर्न वाजवतात. मुलाला आळशी म्हणू नका. त्याची झोपच पुरी झालेली नसते. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी 9 ते 12 तास झोप लागते. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, ते याच कारणासाठी. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. पण घरातला टीव्ही 11 वाजेपर्यंत चालू राहिला, तर त्याचा उपयोग काय? जेवणं 8 ला उरकावीत, दप्तर रात्रीच भरावं, झोपण्याआधी तासभर मोबाइल बाजूला ठेवावा, मोठ्यांनीसुद्धा. आणि रविवारीही उठण्याची वेळ फारशी बदलू नये.